अमावस्येला संकल्प, पौर्णिमेला सोडचिठ्ठी

पत्र थोडक्यात असं: मैत्रीण ३६ वर्षांची आहे, ठाणे जिल्ह्यात राहते, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. घरी नवरा, शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई. गेल्या वर्षी ऑफिसातल्या एकीमुळे टॅरोचा, म्हणजे चित्रांच्या कार्डांवरून भविष्य बघण्याचा नाद लागला. तेव्हापासून दर अमावस्येला तीन कार्डं काढून महिन्याचं ध्येय ठरवायचं आणि पौर्णिमेला परत तीन काढून 'जे नको ते सोडून द्यायचं', असं अकरा महिने चाललंय. त्यासाठी एका ऑनलाइन ग्रुपला महिन्याला अकराशे रुपयेही जातात. ध्येय मात्र एकही तडीस गेलं नाही. सासूबाई म्हणतात अमावस्येला कोणी नवं काम सुरू करतं का, मग होणार कसं. नवरा हसतो. या अमावस्येला प्रश्न मोठा होता, नोकरी सोडून उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी पूर्णवेळ घ्यायच्या का, आणि कार्ड आलं टॉवर, कोसळणाऱ्या बुरुजाचं. "ताई, दोन रात्री झोपले नाहीये. मी चुकीच्या दिवशी करतेय का? की कार्ड खरंच नको म्हणतंय?"

अगं, ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगंच करते.

तू डायरीच्या पानांचे फोटो जोडलेस ना, मी ते आधी बघितले आणि पत्र नंतर नीट वाचलं. अमावस्येची अकरा पानं. वजन तीनदा, बचत दोनदा, पहाटे उठणं दोनदा, मग ड्रायव्हिंग, मोबाईल कमी करणं, इंग्रजी बोलणं आणि आता मोदक. अक्षर इतकं सुंदर आहे, वर कोपऱ्यात छोटासा चंद्र काढलाय, कुठल्या पानावर चांदीचं जेल पेन वापरलंयस तेसुद्धा दिसतं. मग मी पौर्णिमेची दहा पानं बघितली. 'वजनाचा अट्टहास सोडते आहे.' 'स्वतःवरचं पहाटेचं प्रेशर सोडते आहे.' 'पैशाची भीती सोडते आहे', आणि ही त्याच महिन्यात जेव्हा ध्येय बचतीचं होतं! दहातल्या सात पानांवर तू जे सोडलंस ते म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी धरलेलं ध्येयच आहे, फक्त छान शब्दांत. हे तुझ्या लक्षात आलंय का मला माहीत नाही. म्हणजे दिवस चुकला, कार्ड चुकलं वगैरे नंतर बघू, पण ही जी पद्धत तू घेतलीस तिच्यात सुरू करायला एक ठरलेला दिवस आहे आणि सोडायलाही ठरलेला दिवस आहे, मधे टिकवायला मिळतात जेमतेम चौदा-पंधरा दिवस.

आता अमावस्येचा वाद मिटवून टाकू, कारण तो मला भारी आवडला. तुझं अ‍ॅप म्हणतं न्यू मूनला सुरू कर, सासूबाई म्हणतात अमावस्येला नको, प्रतिपदेला कर. दोघं एकाच क्षणाबद्दल बोलतायत गं. चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतराचे बारा-बारा अंशांचे तुकडे केले की एकेक तिथी होते, असे तीस तुकडे. शेवटचा तुकडा अमावस्या. तो जिथे संपतो, म्हणजे अंतर बरोबर शून्य होतं, तोच क्षण अ‍ॅप 'न्यू मून' म्हणून दाखवतं, आणि त्याच क्षणापासून आपली प्रतिपदा लागते. कॅलेंडरात दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाला चालू असलेल्या तिथीचं, म्हणून चौकटीत अमावस्या लिहिलेली दिसते. पण अ‍ॅपने दिलेली वेळ होऊन गेल्यावर बसलीस तर तू प्रतिपदेतच बसलेली असतेस. सासूबाईंना सांग हे, खूश होतील. फक्त अ‍ॅपची वेळ भारतातली आहे ना ते बघ, नाहीतर लंडन-न्यूयॉर्कच्या घड्याळावर संकल्प व्हायचा. आणि अमावस्या म्हणजे सगळंच वाईट असंही आपल्याकडे कुठे आहे, लक्ष्मीपूजन अमावस्येलाच करतो आपण, व्यापारी लोक वह्यांची पूजा त्याच संध्याकाळी करतात.

तर दिवस चुकीचा नव्हता. आणि खरं सांगू का, कुठलाही दिवस चालतो. २०१४ मध्ये हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी दाखवलं होतं की आठवड्याची, महिन्याची, वर्षाची सुरुवात असे टप्पे आले की लोक जिमला जास्त जातात, डाएटबद्दल जास्त शोधतात. नवी पाटी मिळाल्यासारखं वाटतं. तुझी अमावस्या ही तशीच पाटी आहे, त्यात खोटं काही नाही. अडचण एवढीच की वर्षात बारा-तेरा वेळा पाटी कोरी करायची सवय लागली की जुनं अक्षर गिरवायचं राहूनच जातं.

टॉवरकडे येऊ. झोप उडवण्यासारखंच चित्र आहे ते, मान्य. काळं आकाश, वीज पडून बुरुजाचा वरचा मुकुट उडालाय, खिडक्यांतून ज्वाळा, दोन माणसं डोक्यावर खाली पडतायत. माझ्याकडेही भाचीने दिलेला डेक, म्हणजे या कार्डांचा जोड आहे आणि माझी स्वतःची लाज सांगते, एकदा एका कामाचं विचारलं आणि हेच कार्ड आलं तर मी परत पिसले, परत काढलं, असं चार वेळा, शेवटी सूर्याचं आनंदी कार्ड आलं तेव्हा थांबले. म्हणजे उत्तर मला आधीच माहीत होतं, मी फक्त त्यावर सही करणारं कार्ड शोधत होते. तू उलटं करतेयस का बघ. तुझ्या मनातली भीती आधीपासून होती आणि टॉवरने तिच्यावर सही केली, असं तर नाही ना?

शिवाय साधा हिशेब कर, अकाउंट्सवाली आहेस. ७८ कार्डांतून तीन काढलीस तर त्यात टॉवर असण्याची शक्यता २६ त एक. तू आतापर्यंत २१ वेळा बसलीस. इतक्या बैठकांत टॉवर निदान एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के भरते. तो यायचाच होता कधीतरी गं! तो ड्रायव्हिंगच्या महिन्यात आला असता तर गाडी शिकू नको म्हणाली असतीस आणि वजनाच्या महिन्यात आला असता तर 'जुनं शरीर कोसळून नवं उभं राहणार' म्हणून नाचली असतीस, बघ विचार करून. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या सगळ्यांना 'हे तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर वाटला होता, बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला, आणि मुलांनी तो किती जुळतो याला पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. जुळवून घ्यायचं काम आपण करतो आणि श्रेय कार्डाला जातं.

म्हणून कार्डं फेकून दे म्हणत नाहीये मी. पण ती काय आहेत हे माहीत असलेलं बरं. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ही खेळायची पानं होती, आपण मेंढीकोट खेळतो तसा डाव, हुकूमबिकूम सगळं. भविष्य वगैरे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटलं, १७८१ साली एकाने लिहिलं की ही प्राचीन इजिप्तची विद्या आहे, आणि त्याला आधार काही नव्हता. तुझ्याकडे जो डेक आहे (फोटोत दिसतोय) तो १९०९ चा, लंडनचा. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईची. त्याच वर्षी तिने एका पत्रात लिहिलंय की मोठं काम संपवलं आणि पैसे फारच थोडे मिळाले. १९५१ मध्ये गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. आज जगभर लोक तिची चित्रं समोर ठेवून पैशाचे प्रश्न विचारतात. हे मी मुद्दाम सांगतेय कारण तू पत्रात लिहिलंयस की गेल्या गणपतीत दोन दिवसांत १५१ मोदक केलेस, ३० रुपये नगाने, आणि 'स्वतःचा वेळ काही धरला नाही'. स्वतःचा वेळ न धरणारी बाई म्हटलं की मला आता पामेलाच आठवते.

आता त्या वाक्याबद्दल बोलूया जे तू पत्राच्या अगदी शेवटी कंसात घातलंयस. '(घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो.)' अगं बाई! तीन पानी पत्रात कार्डांवर अडीच पानं आणि हप्ता कंसात? कार्डाला हे कसं माहीत असणार की हप्त्याचे किती महिने बाजूला काढलेत, गणपती सोडून इतर महिन्यांत किती मोदक जातात, एका नगामागे तांदळाचं पीठ, नारळ, गूळ, तूप, गॅस जाऊन हातात काय उरतं. हे तू ऑफिसात दुसऱ्याच्या कंपनीसाठी रोज करतेस. आणि नवरा हसतो लिहिलंयस, तो कार्डांना हसतो की मोदकांना ते लिहिलं नाहीस. मला वाटतं तुलाही माहीत नाही कारण मोदकांचं तू त्याला अजून सरळ विचारलेलंच नाहीये. कार्डाला विचारणं सोपं असतं, ते उलट प्रश्न करत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. चंद्रावर ध्येय ठरवणं हे तुला ग्रुपमध्ये नवं म्हणून विकलं, पण तुझ्या सासूबाई ते आयुष्यभर करत आल्या असणार. चातुर्मासाचा नेम घेतात ना, आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, कोणी कांदा-वांगं सोडतं, कोणी रोज पोथीचा एकच अध्याय वाचतं. नेम एवढासाच असतो पण चार महिने, म्हणजे ११८ दिवसांच्या आसपास. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले होते, कोणाला १८ तर कोणाला २५४ चा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकला तरी फार बिघडत नाही हेही दिसलं. म्हणजे तुझा पंधरवडा कुठेच पुरत नाही आणि चातुर्मास बहुतेकांना पुरतो. मी तुला कांदा सोड म्हणत नाहीये, मला स्वतःला जमलेलं नाही, भजी दिसली की संपलं. पण मापाकडे बघ ना, छोटा नेम आणि लांब मुदत. तुझं बरोब्बर उलटं आहे.

आणि उद्यापन. ही आपल्याकडची फार हुशार गोष्ट आहे असं मला अलीकडे वाटायला लागलंय. सोळा सोमवार धरले की मधेच 'सोडते आहे' म्हणून गप्प नाही होता येत, संपवायचे तर उद्यापन करायचं, चार माणसं जेवायला बोलवायची, झालं म्हणून सांगायचं. माझ्या आजीचे गुडघे गेले तेव्हा तिने एक जुनं व्रत थांबवलं, पण रीतसर, पुरण घालून, आणि नंतर त्याबद्दल एकदाही चुटपुट केली नाही. तुझ्या डायरीत दहा ध्येयं अर्धमेली पडलीयत, ना चालू ना बंद, आणि त्यांचं ओझं तुझ्या मोदकांवर येतंय, कारण तुला वाटतं मी कधीच काही पूर्ण करत नाही. तर एका संध्याकाळी बस आणि त्यांचं उद्यापन करून टाक. प्रत्येक पानाखाली लिही, हे बंद, कारण अमुक. इंग्रजीचं मला वाटतं तुला नकोच होतं, ऑफिसातल्या त्या मैत्रिणीला हवं होतं. वजनाचं एक पान ठेवायचं तर ठेव पण ते डॉक्टरांशी बोलून, कार्डाशी नाही.

मग उरला मोदक. आणि इथे तर गंमतच आहे, तुझं अजून लक्ष गेलेलं नाही की तुझा धंदाच तिथीवर चालतो! बाकी कोणाला चंद्राचा उपयोग असो नसो, तुला आहे. गिऱ्हाईक पंचांग बघूनच खातं. दर महिन्याची संकष्टी म्हणजे उकडीचे मोदक, ती मंगळवारी आली की अंगारकी म्हणजे दुप्पट. होळीची पौर्णिमा पुरणपोळी, पोळ्याची अमावस्या पुन्हा पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड-पुरी. आणि बघ, संकष्टी येते कधी? पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांत, म्हणजे ग्रुपच्या भाषेत ज्या पंधरवड्यात 'विसावा घ्या, सोडून द्या' असतं ना, त्यातच तुझा सगळ्यात कामाचा दिवस आहे. तेव्हा त्यांचं वेळापत्रक तुझं नाहीच.

मी तुझ्या जागी असते तर नोकरी आत्ता अजिबात सोडली नसती आणि चार संकष्ट्यांचा नेम धरला असता. चारच. पहिल्या संकष्टीला सोसायटीतली आणि ऑफिसातली मिळून पाच घरं, प्रत्येकी ११ मोदक, ऑर्डर दोन दिवस आधी बंद. ३० रुपये नग नाही, आधी हिशेब मांडून स्वतःच्या तासाचे पैसे धरून जो आकडा येईल तो, मग गिऱ्हाईक कुरकुरलं तरी चालेल, कोण राहतं आणि कोण जातं हेच तर बघायचंय. प्रत्येक संकष्टीनंतर दुसऱ्या दिवशी डायरीत चांदीच्या पेनाने चंद्र काढ हवा तर, पण खाली चार आकडे: किती गेले, किती फुटले, किती तास लागले, हातात किती आले. चार महिन्यांनी तुझ्यासमोर जे पान असेल त्याची भीती वाटो की त्याचा आनंद, ते निदान तुझं असेल. ते नवऱ्यासमोर ठेव आणि मग हप्त्याचं दोघं मिळून बोला. किमान सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च बाजूला पडेपर्यंत राजीनाम्याचा विषय काढू नको, हे माझं मत, थोडं भित्रं असेल. आणि घरून खाण्याचे पदार्थ विकायचे तर, पूर्णवेळ असो नसो, अन्नसुरक्षेची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते, तिची चौकशी पहिल्या संकष्टीच्या आधीच कर.

कार्डं कुठे वापरायची मग? ध्येय ठरवायला नको, 'करू का नको' विचारायला तर नकोच नको. अडथळा शोधायला वापर. गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञांचं काम बरंच यावरच आहे की नुसतं छान स्वप्न रंगवलं की अंगातली ऊर्जा उलट कमी होते, स्वप्नाच्या शेजारी आपल्याच आतला अडथळा मांडला तर माणूस हलतो. तर संकष्टीच्या आधीच्या रविवारी एकच कार्ड काढ आणि विचार, या चित्रासारखं माझ्या कामात कुठे होतंय? समजा दोन नाणी हातात खेळवणारा तो माणूस आला, मागे समुद्रात जहाजं वरखाली होतायत. तुला लगेच कळेल, हा ऑफिस सुटल्यावर आठची लोकल पकडून घरी येऊन नारळ खवणारा प्रकार आहे. मग एक 'जर-तर'चं वाक्य लिही, पीटर गोलविट्झर यांनी दाखवलंय की अशी नेमकी वाक्यं नुसत्या इच्छेपेक्षा जास्त काम करतात: जर घरी यायला आठ वाजून गेले तर रविवारी खवून फ्रीजरमध्ये ठेवलेला नारळ काढायचा आणि फक्त उकड काढायची. बस. कार्ड परत डब्यात. एका दिवसात दुसरं काढायचं नाही, माझ्यासारखं चार वेळा तर नाहीच. आणि कार्ड काढल्याशिवाय हातपाय हलत नाहीत किंवा टॉवरसारखं काही दिसून झोप जातेय असं अजून आठवडाभर राहिलं, तर डेक चार महिने कोणाकडे तरी ठेवायला दे आणि कोणाशी तरी बोल, गरज वाटली तर समुपदेशकाशी. नेम कार्डाशिवायही चालतो.

हे बाकीच्यांसाठीही लिहितेय, कारण या महिन्यात अशाच प्रकारची अजून दोन पत्रं आहेत, एकीला एमपीएससीचं विचारायचंय आणि एकाला घटस्फोटाचं (घटस्फोटाचं कार्डाला विचारू नका हो, वकिलाला विचारा). तुमच्या परीक्षेला संकष्टी नसेल पण तुम्हीही काहीतरी मोजता येणारं धरा, चार चंद्र पुरेल असं, आणि मधली पौर्णिमा सोडायला नाही तर मोजायला वापरा.

ग्रुपचे अकराशे? ते तू ठरव. मैत्रिणी भेटतात म्हणून जातेस असं लिहिलंयस, ते कारण मला पटतं, भविष्यासाठी जातेस म्हणाली असतीस तर नको म्हटलं असतं. फक्त चार महिन्यांचे ४४०० होतात आणि एवढ्यात मोठं मोदकपात्र येऊन वर पैसे उरतात, हे हिशेबात धर.

माझी आजी संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात बघून ठेवायची. श्रावणात आभाळ भरलेलं, चंद्र कुठला दिसतोय, तरी घड्याळात वेळ झाली की अंगणात जायची, पूर्वेकडे तोंड करून ढगालाच अर्घ्य द्यायची आणि आत येऊन म्हणायची, चला पाट मांडा. आम्ही पोरं विचारायचो, आजी चंद्र कुठाय, तर म्हणायची तो त्याच्या जागेवर आहे, तुम्हाला भूक लागलीय ना, बसा.

पहिल्या संकष्टीचे आकडे मला कळव, फुटलेलेसुद्धा. आणि ३० रुपये नगाने दिलेस तर मी पुढचं पत्र उघडणार नाही.